नेय, तेक्के आणि जॅझ : कुद्सी एर्गुनेरच्या संगीतामागची गोष्ट

तुर्की नेयवादक कुद्सी एर्गुनेरचा 'ऑटोमानिया' (१९९९) ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की हा अजून एक फ्यूजन अल्बम, सूफी बासरी (नेय) घेतली आणि सोबत सॅक्सोफोन लावला. मला हे अजिबात पटत नाही, कारण यामागे १९२५ पासूनचा इतिहास आहे.

त्या वर्षी तुर्कस्तानच्या नव्या सरकारने कायदा करून सगळे तेक्के, म्हणजे सूफींचे मठ, बंद केले. सूफी कवी रूमीच्या मेवलेवी पंथाचं सगळं संगीत तिथेच शिकवलं जायचं, ते एका फटक्यात बेघर झालं. वर १९३४ मध्ये रेडिओवरून पारंपरिक तुर्की संगीतच बंद केलं, ते जवळपास दोन वर्षं. मग ही विद्या टिकली ती घराघरांत. कुद्सीचे आजोबा सुलेमान आणि वडील उल्वी दोघंही नेयवादक, त्यामुळे त्याला ती घरातच मिळाली. १९५२ चा जन्म, आणि सत्तरच्या दशकात तो पॅरिसला गेला तो तिथलाच झाला. पीटर ब्रुकच्या 'महाभारत' नाटकात (१९८५) वाजणारी नेय त्याचीच आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये.

आता नेय म्हणजे काय तर साधा बोरू, नऊ पेरांचा, पुढे सहा भोकं आणि मागे एक, तोंडाशी बहुतेक वेळा म्हशीच्या शिंगाची 'बाशपारे' बसवलेली. ओठ तिरके लावून फुंकायचं, स्वरासोबत श्वासही ऐकू येतो, आणि नुसता सूर निघायलाच नवशिक्याचे आठवडे जातात. यावर जे 'तक्सीम' वाजवतात ते आपल्या आलापासारखं, ताल नाही, मकाम (आपल्या रागासारखी चौकट) धरून जागेवर सुचेल तसं. जॅझवाले पण जागेवरच रचतात, पण त्यांचं बरंचसं कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर) चालतं, आणि तुर्की मकामात एका पूर्ण स्वरांतराचे (सा ते रे एवढ्या) नऊ बारीक भाग, 'कोमा', मानतात, ते पियानोवर येणारच नाहीत. माझ्या मते १९५९ नंतर मोडल जॅझ (एकच स्वरावली धरून बराच वेळ वाजवायचा प्रकार) रुजला, कॉर्ड्सची घाई कमी झाली, तेव्हा कुठे नेयला त्यात बसायला जागा मिळाली.

आणि जॅझ तुर्कांना परका नव्हताच! वॉशिंग्टनमधल्या तुर्की राजदूताची मुलं, अहमेत आणि नेसुही एर्तेगुन, वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय जॅझवाल्यांना दूतावासात बोलवायची. १९४७ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्स सुरू करणाऱ्यांपैकी एक तोच अहमेत, त्याचे पूर्वज इस्तंबूलच्या उझबेक तेक्केचे शेख (प्रमुख), आणि २००६ मध्ये त्याला पुरलं तेही तिथेच.

'ऑटोमानिया'त क्रिस्टोफ लाउअरचा सॅक्सोफोन आणि मिशेल गोदारचा ट्यूबा आहे. कुद्सीच्याच 'इस्लाम ब्लूज' (२००१) मध्ये न्गुयेन लेची गिटार आहे. ऐकायची सुरुवात मात्र नुसत्या तक्सीमपासून करा, बँड नंतर ऐका, म्हणजे त्या सगळ्यांनी नेयसाठी किती जागा सोडलीये ते लक्षात येईल.