सायकल आणि अकिलीस टेंडनचं दुखणं

पोटरीचे गॅस्ट्रोक्नेमियस आणि सोलियस हे दोन स्नायू खाली एकत्र येतात आणि जाड दोरीसारखे टाचेच्या हाडाला चिकटतात, ती दोरी म्हणजे अकिलीस टेंडन. आपण सरसकट 'टाचेमागची शीर' म्हणतो पण ती शीर नाही, कंडरा आहे, शरीरातली सगळ्यात जाड. नाव ग्रीक वीर अकिलीसवरून. आईने नदीत बुडवताना त्याची टाच धरली होती, तेवढाच भाग कच्चा राहिला, म्हणजे आपल्या दुर्योधनाच्या मांडीचीच गोष्ट.

हे दुखणं ओळखायला सोपं आहे. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली काही पावलं लंगडत, मग सुटतं. राइडच्या सुरुवातीला टोचतं, अंग गरम झालं की गायब, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट परत. मधल्या त्या गायब होण्यामुळेच माणूस फसतो. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर दुखत असेल तर तो एक प्रकार, अगदी हाडाला चिकटते तिथे दुखत असेल तर दुसरा, आणि दोघांचे उपाय थोडे वेगळे आहेत.

खरं तर धावण्याच्या मानाने सायकलवर या कंडरेवर जोर फार कमी येतो, पण ८० च्या केडन्सने (म्हणजे मिनिटाला पेडलचे ८० फेरे) तासाला एकेका पायाचे ४८०० फेरे होतात, त्यामुळे सेटअपमधली बारीक चूकही तितक्या वेळा मोजली जाते. क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) बोटांकडे जास्त पुढे असेल तर पोटरीला जास्त ताकद लावावी लागते. सीट उंच असेल तर पाय पंजावर ताणून पोचावं लागतं, खाली असेल तर टाच खाली पडून कंडरा ताणली जाते. आणि मोठ्या गिअरवर घाट चढायची हौस आहेच! पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे एकदम वाढवलेले किलोमीटर, आठवड्याला पन्नास-साठ चालवणारा माणूस २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) नाव देतो आणि पंधरा दिवसात रोज सिंहगड चढायला लागतो.

आधी क्लीट काही मिलिमीटर मागे घ्या (मग सीटही किंचित खाली येते), गिअर हलका ठेवा, किलोमीटर कमी करा. सायकल पूर्ण बंद करायची गरज बहुतेकदा नसते, नुसत्या आरामाने कंडरा कमकुवतच होते. तिला हळूहळू वजन द्यावं लागतं. स्वीडनच्या अल्फ्रेडसन या हाडांच्या डॉक्टरने १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम अजून चालतो: जिन्याच्या पायरीवर पंजा ठेवायचा, चांगल्या पायाने वर जायचं, दुखऱ्या पायाने टाच हळू खाली सोडायची, १५ चे ३ सेट गुडघा सरळ, ३ सेट वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. कंटाळवाणं आहे. थोडं दुखलं तर चालतं, पण सकाळचा ताठरपणा वाढत गेला तर कमी करा. हाडाजवळ दुखणाऱ्यांनी मात्र टाच पायरीखाली सोडू नये, जमिनीवरच करावं, आणि काही दिवस घरात अनवाणी किंवा सपाट चपलेत फिरण्याऐवजी थोडी टाच असलेलं काहीतरी घालावं.

तेल चोळून बरं वाटतं, बरं होत नाही. कंडरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन टाळलेलं बरं, ती तुटू शकते. आणि पोट बिघडलं की आपण सिप्रोफ्लॉक्सॅसिन सहज घेतो, त्या गटातल्या अँटिबायोटिक्सनी कंडरा दुखावते, क्वचित तुटतेही, म्हणून आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा.

'फट' आवाज झाला, मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि पंजावर उभंच राहता येईना, तर पालथं झोपून कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर कंडरा बहुधा तुटली आहे, तेव्हा सायकल टेम्पोत टाका आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा.