तारलीचं तेल आणि यकृतातली चरबी

तारल्या तापल्या तव्यावर टाकल्या की थोड्याच वेळात त्यांचंच तेल सुटून कडेने चुरचुरायला लागतं. माशाच्या त्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं आपल्या यकृतापर्यंत पोचतात आणि तिथल्या पेशींचं काम बदलतात.

फॅटी लिव्हरच्या, म्हणजे यकृतात चरबी साठलेल्या रुग्णाच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशींमध्ये गोल पांढरी भोकं दिसतात. तिथे चरबीचे थेंब होते. काचपट्टी तयार करताना ते विरघळून गेले. ही चरबी आली कुठून? २००५ साली अमेरिकेत अशा रुग्णांवर झालेल्या अभ्यासात त्याचा माग काढला गेला. सुमारे ५९ टक्के चरबी रक्तातल्या मुक्त मेदाम्लांतून, म्हणजे मुख्यतः अंगावरच्या मेदातून वाहून आलेली होती. १५ टक्के आहारातल्या स्निग्धातून आली होती आणि तब्बल २६ टक्के यकृताने साखर-पिठूळ पदार्थांपासून स्वतः बनवलेली होती. तेलकट खाल्लं म्हणूनच यकृतावर चरबी चढते, हा समज इथे मोडतो.

माशाचं तेल मुख्यतः या घरच्या उत्पादनावर घाव घालतं. इन्सुलिनची पातळी चढली की एसआरईबीपी-१सी हे प्रथिन चरबी बनवणारी जनुकं चालू करतं. ओमेगा-३ त्याला आवर घालतं. त्याच वेळी पीपीएआर-अल्फा नावाचं दुसरं प्रथिन जागं होतं आणि चरबी जाळण्याला वेग येतो. यकृत रक्तात कमी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, सोडतं. म्हणूनच ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्यांना डॉक्टर रोज ४ ग्रॅमपर्यंत ओमेगा-३ देतात.

वजनाचं मात्र वेगळं आहे. उंदरांना चरबीयुक्त खाद्यातून माशाचं तेल दिलं तर ते कमी लठ्ठ होतात. माणसांत पोट उतरल्याचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. शेवटी तेल ते तेलच, एका ग्रॅमला ९ कॅलरी. फॅटी लिव्हरवरही सरसकट यश नाही. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला सुमारे १०० रुग्णांना पंधरा ते अठरा महिने रोज ४ ग्रॅम औषधी ओमेगा-३ किंवा नुसतं साधं तेल दिलं. ज्यांच्या रक्तात डीएचए खरोखर वाढलं, त्यांच्या यकृतातली चरबी जास्त उतरली. पण यकृतात वण पडल्याच्या खुणा काही सुधारल्या नाहीत.

दुकानातल्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेकदा ईपीए-डीएचए मिळून ३०० मिलिग्रॅमच असतं. ४ ग्रॅम भरायला तशा तेरा-चौदा गोळ्या लागतील, आणि इतक्या मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. ही मात्रा स्वतःच्या मनाने घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. कॉड लिव्हर ऑइल तर वेगळंच. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्याचा अतिरेक यकृतालाच बाधतो.

शाकाहारी घरांत जवसाची चटणी असते. तिच्यातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं आहे, शरीर त्यातलं फार थोडं ईपीएमध्ये बदलतं, डीएचएमध्ये तर त्याहून कमी. मासे खाणाऱ्यांना तारली आणि बांगडा दोन्ही बाजारात मिळतात, सुरमई-पापलेटपेक्षा कितीतरी स्वस्त.