डाळीतला खडा मशीन उडवतं, मग केळीची फणी का नाही उचलत?

जळगावच्या एमआयडीसीत कुठल्याही बऱ्यापैकी डाळ मिलमध्ये डोकवा, डाळ निवडणारं कपाटाएवढं उंच एक मशीन घरघरत उभं असतं, कंपनी कुठलीही असो सगळे त्याला सॉर्टेक्सच म्हणतात. आता जो तो एआय आणि रोबोटच्या गप्पा मारतोय, पण कॅमेऱ्याने बघून निर्णय घेणारं मशीन, म्हणजे मशीन व्हिजन, आपल्या खान्देशात या मार्गाने कधीचंच आलंय, फक्त त्याचा कुणी गाजावाजा केला नाही.

काम कसं चालतं बघा. वरून डाळ कंप पावणाऱ्या ट्रेवर पडते, तिथून तिरप्या पन्हळीतून पातळ थरात घसरते आणि खाली मोकळी पडत असताना पुढून-मागून कॅमेरे तिला बघतात. हे कॅमेरे आपल्या मोबाईलसारखा अख्खा फोटो काढत नाहीत, एकेक ओळ टिपतात, सेकंदाला हजारो ओळी, आणि दाणा काळा, डागी किंवा सालासकट दिसला की खाली बसवलेल्या बारीक नोझलमधून हवेचा झटका बसतो आणि तो दाणा बाजूच्या डब्यात जातो. बघणं आणि उडवणं यात काही मिलिसेकंदच मिळतात. आता डाळीच्याच रंगाचा खडा आला तर साधा कॅमेरा फसतो, म्हणून चांगल्या मशीनमध्ये इन्फ्रारेड कॅमेरापण असतो, कारण डोळ्याला सारखे दिसणारे डाळ आणि दगड इन्फ्रारेड प्रकाश वेगवेगळा परतवतात. अहिराणीत सांगायचं तर, भो, त्या मशीनले बठ्ठं दिखस, म्हणजे सगळं दिसतं!

बठ्ठं म्हणजे अगदी बठ्ठं नाही. हवेच्या झटक्यात खराब दाण्याच्या शेजारचे दोन-चार चांगले दाणेपण उडतात, म्हणून रिजेक्ट माल परत एकदा मशीनमधून काढावा लागतो. शिवाय काचेवर डाळीचा भुगा बसला की नजर गेली, एलईडी तापले की रंग जरासा सरकतो, आणि कंप्रेसरच्या हवेत पाणी आलं की नोझल दगा देतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा या सगळ्याची परीक्षाच असते. मशीन व्हिजनमध्ये सॉफ्टवेअरचं कौतुक फार होतं पण निम्मं यश लाईट कसा पडतो यावर असतं असं माझं मत आहे.

मग प्रश्न असा की जे डाळीला जमलं ते रावेर-सावद्याच्या केळीला का जमत नाही? तिथल्या पॅकहाऊसमध्ये अजून सगळं हातावर चालतं, घडाच्या फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवून चीक काढायचा, डागी केळी कापून टाकायची आणि १३ किलोच्या बॉक्समध्ये नीट बसवायच्या. इथे कॅमेऱ्याची अडचण खरं तर कमी आहे. घासल्याची खूण, चिकाचा डाग, एकेका केळ्याची लांबी-जाडी, हे सगळं आजचं सॉफ्टवेअर हजारो फोटो दाखवून शिकवता येतं. अडचण हाताची आहे. डाळीत मशीनला काही धरावंच लागत नाही, नको तो दाणा हवेने उडवला की काम संपलं. केळीची फणी धरायची, उचलायची आणि ठेवायची, तेही ओली, वाकडी, दोन-तीन किलोची, आणि जरा जोरात दाबली तर तेव्हा काहीच दिसत नाही, पण पुढे पिकल्यावर तिथे काळं पडतं आणि बोंब होते.

उचलून ठेवणारे वेगवान रोबोट आहेत की. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठात रेमंड क्लाव्हेल यांनी १९८० च्या दशकात डेल्टा रोबोट बनवला, चॉकलेटं खोक्यात भरण्याच्या कंटाळवाण्या कामावरून त्यांना ते सुचलं म्हणतात. यात वजनदार मोटरी वर फ्रेमला पक्क्या आणि खाली फक्त तीन हलक्या दांड्या, म्हणून तो मिनिटाला शंभरच्या वर वस्तू उचलतो. बेल्टच्या वर कॅमेरा असतो, बेल्ट किती सरकला ते एन्कोडर सांगतो आणि वस्तू पुढे जिथे पोचणार तिथे रोबोट आधीच जाऊन उभा. पण चॉकलेट एकसारखं असतं, बिस्किट एकसारखं असतं, व्हॅक्यूमचा कप लावला की चिकटतं. केळीला हवा भरून वाकणारी सिलिकॉनची मऊ बोटं लागतात, ती आहेत, पण एकमेकांवर पडलेल्या फण्यांमधून नेमकी एक सोडवून घ्यायची म्हटलं की ती हळू होतात आणि हळू झाली की हिशोबात बसत नाहीत.

वजनाचंही असंच आहे. पॅकिंगवाला नजरेने फण्या निवडतो आणि बॉक्स बरोबर १३ किलोच्या जवळ आणतो. हेच काम मल्टीहेड वेअर नावाचं तोलायचं मशीन करतं, ते जपानच्या इशिदा कंपनीने १९७२ मध्ये चक्क मिरच्यांसाठी, म्हणजे हिरव्या ढोबळीसाठी काढलं. मिरची अर्धी तोडून तर वजन जुळवता येत नाही, म्हणून थोडा थोडा माल वेगवेगळ्या बकेटमध्ये तोलायचा आणि कुठल्या बकेट एकत्र केल्या की वजन जुळतं ते कॉम्प्युटरने शोधायचं. १० बकेट असल्या तर १०२३ जुळण्या होतात, त्यातली एक जवळपास बरोबर निघतेच. शेव, फरसाण, केळीचे वेफर्स भरणाऱ्या मोठ्या लाईनवर हेच मशीन असतं.

कामगारांचं काय, हा विषय टाळून चालणार नाही. डाळ निवडणाऱ्या बायकांचं काम सॉर्टेक्सने खाल्लं हे खरंय आणि त्यांच्यासाठी वेगळं काही कुणी केलं असं मला तरी दिसलं नाही. केळीत माझ्या अंदाजाने भरणारे हात शेवटी जातील. आधी धुण्याच्या टाकीनंतरच्या बेल्टवर ग्रेडिंगचा कॅमेरा येईल, आणि भरलेले बॉक्स पॅलेटवर रचायला रोबोट येईल, कारण बॉक्स सगळे एका मापाचे असतात आणि १३ किलो दिवसभर उचलून पाठीचे जे हाल होतात ते काम कुणालाच नकोय.