पार्श्वभूमी : सोलापुरात घर आधी, बस नंतर

मेट्रो किंवा जलद बसच्या मार्गालगत जादा एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, ते प्रमाण) द्यायचा, म्हणजे अधिक घरे स्थानकाच्या आसपास उभी राहतील, असे राष्ट्रीय धोरण केंद्राने २०१७ मध्ये आणले. पुणे आणि नागपूरला मेट्रोलगतच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात हा एफएसआय ४ पर्यंत जाऊ शकतो. सोलापुरात मेट्रो नाही. म्हणून हा विषय आपला नव्हे, असे इथे सहज म्हटले जाते. पण हे शहर वाढले तेच मुळी वाहतुकीच्या मागोमाग.

१८६० मध्ये मुंबईकडून रेल्वे इथवर आली. कापूस आणि सूत हलवणे सोपे झाले. १८७७ मध्ये मुरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली, तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशी रांग लागली. भोंगा झाला की चालत पाळीवर पोहोचता यावे, म्हणून कामगार गिरण्यांच्या आसपास चाळी-वस्त्यांत राहिले. पूर्व भागात पद्मशाली विणकरांचे माग घरातच होते, त्यामुळे कामावर जायचा प्रश्नच नव्हता. शहर दाटीचे होते, त्या दाटीचे हालही होते. पण रोजच्या प्रवासाला पैसे पडत नव्हते.

जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. त्याच सुमारास, १९९२ मध्ये, हद्दवाढ झाली आणि महापालिकेचे सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे क्षेत्र एकदम १७८ वर गेले. विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर इकडे प्लॉट पडले, बंगले आणि रो-हाउस झाले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाख होती, म्हणजे चौरस किलोमीटरमागे जेमतेम पाच हजार तीनशे माणसे. एवढ्या विरळ वस्तीत सिटी बस भरणार कशी? ती भरत नाही म्हणून फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी म्हणून माणूस दुचाकी घेतो. परिवहनच्या तोट्यावर सभागृहात बोलले जाते, पण शहराच्या या विरळ मांडणीवर फारसे नाही.

खरी कसोटी लागली ती कष्टकऱ्यांच्या घरकुलांत. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. त्याच परिसरात ३०,००० घरांचे रे नगर उभे राहिले आणि पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी दिल्या. दोन्हींमागे माकपचे नेते, माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालचा दीर्घ लढा आहे, आणि त्याचे मोल कमी लेखायचे कारण नाही. पण अनुदान घर बांधायला मिळते; जागा परवडेल तिथेच घ्यावी लागते, आणि परवडणारी जागा शहराबाहेर. विडी वळणारीची मजुरी हजारी, म्हणजे दर हजार विड्यांमागे, ठरते. पान-तंबाखू आणायला, माल द्यायला, नाहीतर मुलांच्या कॉलेजसाठी शहर गाठायचे, तर बस किंवा शेअर रिक्षाचे भाडे त्याच मजुरीतून जाते.

मेट्रोशिवाय हे जमत नाही, असेही नाही. ब्राझीलच्या कुरितिबाने सत्तरच्या दशकात उंच इमारतींना परवानगी देताना ठरावीक मोठ्या रस्त्यांचे पट्टे निवडले आणि त्याच रस्त्यांवर बससाठी स्वतंत्र मार्गिका ठेवल्या. घर आणि बस एकाच नकाशावर आखली गेली.

आपल्याकडे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एफएसआय प्रामुख्याने रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. त्या रस्त्यावरून बस किती वेळाने जाते, याच्याशी त्याचा संबंध नाही. २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत सोलापूरचा समावेश आहे. त्या गाड्यांचे मार्ग आखताना नगररचना विभाग आणि परिवहन एका टेबलावर बसले, तर बंद गिरण्यांच्या, स्टेशनपासून जवळ असलेल्या जागांचा विचार आधी व्हायला हवा. तिथे मध्यम भाड्याची, लहान घरे बसतील. आजवर या जागांची चर्चा झाली ती मुख्यतः मालकी, थकीत देणी आणि बाजारभाव यांच्याच अंगाने.