दारातली फॉर्च्युनर आणि घरफोडीचं गणित

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला एखादा बंगला फुटला, की पोलिसांचा पंचनामा संपायच्या आतच कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर निकाल लागलेला असतो: "दारात फॉर्च्युनर लावल्यावर दुसरं काय होणार?" ऐकणारे माना डोलावतात. ४०-५० लाखांची गाडी, त्यावर एमएच-१३ चा चॉइस नंबर, म्हणजे घरात पैसा आहे हे जगाला सांगणंच झालं. आणि जगात चोरही आले. युक्तिवाद इतका सरळ आहे, की तो तपासायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

तपासायला घेतला, की त्यात दोन वेगळे दावे दडलेले दिसतात. महागडी गाडी असलेल्या घरांत घरफोड्या जास्त होतात, हा पहिला. त्या गाडीमुळे होतात, हा दुसरा. पहिला शंभर टक्के खरा आणि दुसरा साफ खोटा, असं एकाच वेळी असू शकतं. कसं, ते पाहण्यासाठी थोडे काल्पनिक आकडे घेऊ. ते सोलापूरचे खरे आकडे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

समजा, शहराच्या एका टोकाला बंगल्यांची वसाहत आहे, घरं १०००. त्यातल्या ४०० घरांपुढे महागडी गाडी आहे. इथे वर्षाला दर १०० घरांमागे २ घरफोड्या होतात आणि चोर गाडीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणजे गाडीवाल्या ४०० घरांत ८ घरफोड्या, उरलेल्या ६०० घरांत १२. दुसऱ्या टोकाला सोलापूरच्या पूर्व भागासारखी दाट वस्ती, घरं ४०००. इथे महागडी गाडी फक्त २०० घरांपुढे आणि घरफोडीचं प्रमाण २०० घरांमागे १. गाडीवाल्यांकडे १ घरफोडी, बाकीच्या ३८०० घरांत १९. आता दोन्ही वस्त्यांची बेरीज करा. महागडी गाडी असलेली घरं ६००, घरफोड्या ९, म्हणजे दीड टक्का. गाडी नसलेली घरं ४४००, घरफोड्या ३१, म्हणजे ०.७ टक्का. फरक दुपटीहून जास्त! हा आकडा वर्तमानपत्रात छापला, तर वाचणारा दुसऱ्या दिवशी गाडी विकायला काढेल. आणि आपणच तर ठरवलं होतं, की चोर गाडीकडे पाहतच नाहीत.

फरक आला तो वस्तीतून. गाडी फक्त त्या वस्तीत जास्त होती. संख्याशास्त्रात अशा लपलेल्या कारणाला गोंधळकारक घटक म्हणतात. त्याचं टोकाचं रूप म्हणजे सिम्प्सनचा विरोधाभास. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ च्या शोधनिबंधात दाखवलं, की गट वेगळे पाहिले तर एक उत्तर आणि एकत्र केले तर चक्क उलटं उत्तर मिळू शकतं.

बंगल्यांची वसाहत आणि दाट वस्ती यांच्यात चोराच्या दृष्टीनं फरक काय? बंगल्याला कंपाउंड असतं, मागचं दार असतं, आणि एकदा भिंतीच्या आत उडी टाकली की रस्त्यावरून कुणाला काही दिसत नाही. शेजारचा प्लॉट कित्येकदा मोकळा, बाभळी माजलेला. उलट पूर्व भागातल्या अरुंद बोळांत, जिथे चादरी-टॉवेलचे यंत्रमाग अजून रात्रपाळीत चालतात, तिथे रात्री दोन वाजता कुणीतरी विडी ओढत दारात उभं असतं. समोरच्या ओट्यावर आजी झोपलेली असते, तिची झोप सावध. अनोळखी माणूस बोळात शिरला, की "कोण पाहिजे?" हा प्रश्न आलाच. कधी तेलुगूत, कधी मराठीत.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नेमका हाच विचार सूत्रात मांडला. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी लागतात: करायला तयार असलेला माणूस, साजेसं लक्ष्य आणि राखण करणाऱ्याची गैरहजेरी. त्यांच्यासमोर कोडं होतं, की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढत असताना चोऱ्याही का वाढल्या. त्यांचं उत्तर असं, की बायका कामाला बाहेर पडू लागल्या, घरं दिवसभर रिकामी राहू लागली आणि घरातल्या किमती वस्तू हलक्या, उचलता येण्याजोग्या झाल्या. चोरांच्या वृत्तीत काही बदल न होताही चोऱ्या वाढू शकतात, हे त्यातून दिसलं. त्या तीन गोष्टींत गाडी बसवायचीच तर 'साजेसं लक्ष्य' या खणात बसेल. पण तिथेही ती नीट बसत नाही.

कारण घरफोड्याला हवं ते वेगळंच. चोरांना कुठल्या वस्तू आवडतात, याची कसोटी गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी १९९९ मध्ये मांडली: लपवायला सोपी, उचलून नेता येणारी, सहज हाती लागणारी, किमतीची, हवीहवीशी वाटणारी आणि पटकन खपणारी. या सहाही अटी सोनं डोळे झाकून पुरी करतं. एक मंगळसूत्र मुठीत मावतं, वितळवलं की त्याचा मालक कोण हे कुणाला सांगता येत नाही, आणि २०२५ मध्ये १० ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला. आता गाडीची किंमत पाहून कपाटातल्या सोन्याचा अंदाज येतो का? गाडी बहुतेक वेळा कर्जावर असते. ती सांगते फार तर एवढंच, की बँकेनं या माणसावर विश्वास टाकलाय. साखरपेठेत जुन्या स्कूटरवर फिरणाऱ्या, पांढऱ्या लेंग्यातल्या व्यापाऱ्याच्या घरी चार पिढ्यांचे दागिने असू शकतात, आणि फॉर्च्युनरवाल्याचे दागिने गोल्ड लोनमध्ये गहाण असू शकतात. सोलापूरच्या माणसाला हे सांगायला संशोधक नको.

चोरांना हे कळतं का, हे शोधायला संशोधक थेट चोरांकडेच गेले. रिचर्ड राइट आणि स्कॉट डेकर यांनी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात तुरुंगाबाहेर असलेल्या, म्हणजे 'धंदा चालू' असलेल्या १०५ घरफोडी करणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. बरेच जण रस्त्यानं जाता जाता, गाडी पाहून घर निवडणारे नव्हते. घर आधीच ठरलेलं असे. कुणी त्याच्यावर नजर ठेवलेली असे, कुणाला आतली माहिती मिळालेली असे. आपल्याकडच्या भाषेत एक रेकी करणारा, दुसरा टीप मिळालेला. आणि आत शिरल्यावर बहुतेकांचा मोर्चा आधी मोठ्या बेडरूमकडे. नेदरलँड्समध्ये विम बेर्नास्को आणि पॉल न्यूबेर्टा यांनी हेग शहरातल्या ५४८ घरफोड्या तपासल्या. चोर कुठली वस्ती निवडतात? स्वतःच्या घराजवळची, आणि स्वतंत्र घरांचं प्रमाण जास्त असलेली. वस्ती किती श्रीमंत आहे, याचा ठळक परिणाम त्यांना दिसला नाही. चोरही शेवटी ओळखीच्या रस्त्यावरच वावरतो.

मग गाडीचा काहीच संबंध नाही? आहे, पण चहाच्या गाड्यावर सांगतात त्याच्या बरोब्बर उलटा. इंग्लंड-अमेरिकेतल्या अशा मुलाखतींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: घरात माणूस आहे असं दिसलं, की बहुतेक घरफोडे ते घर सोडून देतात. माणूस आहे की नाही, हे ते ओळखतात दिव्यावरून, आवाजावरून, कुत्र्यावरून आणि दारातल्या गाडीवरून. गाडी दारात उभी, म्हणजे मालक घरात. अशा वेळी गाडी लाखाची असो की अर्ध्या कोटीची, ती राखणच करत असते. गाडी हा घराचा हजेरीपट आहे, आणि तो रस्त्यावर उघडा ठेवलेला असतो.

महागड्या गाडीची खरी अडचण इथे सुरू होते. गल्लीत दहा पांढऱ्या स्विफ्ट असतील तर त्यातली एक चार दिवस नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पण अख्ख्या गल्लीला तोंडपाठ असलेली एकुलती एक मोठी काळी गाडी जागेवर नसली, की दूधवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं: साहेब गावाला गेलेत. घर सोडून बसनं गेलात आणि गाडी दारात ठेवली, तरी सोलापूरची धूळ चुगली करते. दोन-तीन दिवसांत काचेवर बोटानं नाव लिहिता येईल एवढा थर बसतो. म्हणून गाडीच्या किमतीचा परिणाम असलाच, तर तो श्रीमंती दाखवण्यातून येण्यापेक्षा गैरहजेरी ठळक करण्यातून येत असावा. हा माझा तर्क आहे, पण वरच्या मुलाखतींशी तो जुळतो.

गैरहजेरीचं वेळापत्रकही सोलापुरात सगळ्यांना पाठ असतं. कोजागरीला हजारो लोक पायी तुळजापूरला निघतात, जाऊन-येऊन अख्खी रात्र घर बंद. मे महिन्यात सुट्ट्या आणि लग्नसराई. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संध्याकाळी घरंच्या घरं होम मैदानावर. शिवाय उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला, की कुटुंबं अंथरूण घेऊन गच्चीवर झोपायला जातात. खाली दार नुसतं लोटलेलं, गाडी दारात, माणसं डोक्यावरच, आणि तरी घर रिकामं. इथे कडी-कोयंडा तोडायचीसुद्धा गरज नाही, आणि गाडीचा हजेरीपट खोटा ठरतो.

श्रीमंतीशिवाय घरफोडी किती फोफावू शकते, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीचं. सरकारी घरांची, कष्टकऱ्यांची वस्ती. दारात डोळे दिपवणाऱ्या गाड्या असायचा प्रश्नच नव्हता. तरीही १९८० च्या दशकात तिथे घरफोड्यांनी लोक जेरीस आले होते. एक कारण तिथल्या गॅस-विजेच्या मीटरमध्ये होतं. त्यात नाणी टाकावी लागत, म्हणजे प्रत्येक घरात रोकड भरलेली पेटी! गुन्हेशास्त्रज्ञ केन पीज आणि सहकाऱ्यांनी ते मीटर बदलायला लावले. ज्यांच्या घरी एकदा चोरी झालीय त्यांच्या दारं-खिडक्या आधी मजबूत केल्या आणि आजूबाजूच्या चार-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. सुमारे तीन वर्षांत घरफोड्या पाऊण हिश्शानं कमी झाल्या. एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, हे या कामातून ठळक झालं. पुढे शेन जॉन्सन आणि केट बॉवर्स यांनी इंग्लंडमधल्याच मर्सीसाइड भागात दाखवलं, की एक घर फुटलं की ३००-४०० मीटरच्या आतल्या घरांचा धोकाही महिना-दोन महिने वाढलेला राहतो. चोराला रस्ता, कुलूप, कुत्रं सगळं माहीत झालेलं असतं. तेव्हा शेजाऱ्याकडे काल रात्री चोरी झाली असेल, तर आपल्या दारात कुठली गाडी आहे याचा विचार करत बसण्यात अर्थ नाही.

एका ठिकाणी मात्र चहाच्या गाड्यावरचा निकाल खरा निघतो, आणि तिथे कारण आहे एक छोटी चिप. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. चावीतली चिप आणि इंजिनाचा संगणक यांचा संकेत जुळला तरच इंजिन सुरू होतं. वायर जोडून गाडी पळवायचे दिवस संपले. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात यामुळे मोटारचोरी सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास घटल्याचं दिसलं. पण मग काही चोरांनी ओळखलं, की आता खरी चावीच हवी, आणि चावी घरात असते. ब्रिटनमध्ये फक्त चावीसाठी घर फोडण्याचा प्रकार त्यानंतर डोकं वर काढू लागला. तिथे सोन्याला हात न लावता हॉलमधल्या टेबलावरची चावी उचलतात आणि दारातून गाडी चालवत नेतात. अशा चोरीत महागडी गाडी हेच कारण असतं, त्यात गोंधळकारक घटक वगैरे काही नाही. आपल्याकडे मोठ्या एसयूव्ही पळवणाऱ्या टोळ्या काच फोडून गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला, म्हणजे बिघाड तपासायच्या जोडणीला, यंत्र जोडतात आणि नवी चावी तयार करून घेतात, असे प्रकार दिल्ली पोलिसांनी वेळोवेळी उघड केले आहेत. यात घरात शिरायचं कामच पडत नाही. गाडी जाते, घर शाबूत.

सोलापूरपुरतं पक्कं उत्तर हवं असेल तर ते काढता येईल, फक्त कुणीतरी बसलं पाहिजे. एनसीआरबी, म्हणजे केंद्राची गुन्हे नोंदणारी संस्था, दरवर्षी देशभरच्या गुन्ह्यांचे आकडे छापतं, त्यात घरफोड्यांची संख्या आणि गेलेल्या मालाची किंमत असते. दारातल्या गाडीचा रकाना नसतो. विमा कंपन्यांचे आकडे इथे फारसे कामाचे नाहीत, कारण घराचा विमा आपल्याकडे मोजकेच लोक उतरवतात आणि त्यात महागड्या गाडीवाले जास्त असणार, म्हणजे दावेही त्यांचेच जास्त दिसणार. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध शोधताना वापरलेली पद्धत इथे चालेल. आयुक्तालयाच्या हद्दीतली फुटलेली दोनशे घरं घ्या. प्रत्येकासाठी त्याच गल्लीतली, तशाच बांधणीची, न फुटलेली दोन घरं निवडा. मग दोन्हीकडे तेच प्रश्न: गाडी कुठली, त्या रात्री ती जागेवर होती का, घरात कोण होतं, मागचं दार कसं आहे, जवळपास महिन्याभरात चोरी झाली होती का. गल्ली एकच ठेवली की वस्तीचा फरक आपोआप गळून पडतो.

माझी पैज अशी, की गाडीच्या किमतीचा रकाना दोन्हीकडे जवळपास सारखाच निघेल, आणि 'त्या रात्री घरात कोण होतं' हा रकाना मात्र सारखा निघणार नाही. या अभ्यासात सगळ्यात जास्त त्रास देईल तो गेलेल्या ऐवजाचा रकाना. गाडी आरटीओच्या नोंदीत सापडते. कपाटात रोकड नेमकी किती होती, हे मात्र फिर्यादी आयकर खात्याचा विचार करून सांगतो तेवढंच कळतं.