टेलफिन

टेलफिन : मोटारीच्या मागच्या मडगार्डांवर पत्र्यात घडवलेले, माशाच्या परांसारखे दिसणारे उंचवटे. १९४८ पासून पुढची बारा-तेरा वर्षे अमेरिकी मोटारींवर त्यांचे राज्य होते. गाडी पळवायला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य, विकायला मात्र भरपूर.

या प्रकरणाच्या मुळाशी हार्ली अर्ल (१८९३–१९६९). वडिलांचा गाड्यांच्या बॉडी बांधण्याचा कारखाना लॉस एंजेलिसमध्ये होता. हॉलिवुडचे नटनट्या तिथले गिऱ्हाईक. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी १९२७ मध्ये अर्लला डेट्रॉइटला आणून स्वतंत्र रचना विभाग दिला. पूर्ण आकाराची गाडी आधी मातीत घडवून पाहायची, ही त्याची पद्धत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्याने लॉकहीड पी-३८ हे दोन शेपटांचे लढाऊ विमान पाहिले आणि ती शेपटे त्याच्या डोक्यात बसली.

जनरल मोटर्सच्याच १९४८ च्या कॅडिलॅकवरचे पर अगदी बेताचे होते. डावा मागचा दिवा वर उचलला की खाली पेट्रोलच्या टाकीचे झाकण सापडे. माहीत नसलेला माणूस पंपावर गाडीभोवती घिरट्या घालत राही. साऱ्या टेलफिनांत देखणे तेच, कारण ते मडगार्डातूनच उगवल्यासारखे वाटतात.

पुढे चढाओढ लागली. क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनरने १९५७ साली डिसोटो, प्लिमथ वगैरे गाड्या ठेंगण्या करून त्यांना टोकदार पर लावले. आडव्या वाऱ्यात त्यांनी गाडी स्थिर राहते, असा कंपनीचा दावा होता. नेहमीच्या वेगात त्याचा प्रत्यय येणे अवघडच. घाईने बाजारात आणलेल्या या गाड्या लवकर गंजतही. पण १९५६ मध्येच जनरल मोटर्सच्या चक जॉर्डनला कुंपणाआडून त्यांचे दर्शन घडले होते. मग अर्लच्याच हाताखालच्या मंडळींनी त्याचे बोजड आराखडे बाजूला सारले. त्यातून आली १९५९ ची कॅडिलॅक : सुमारे पावणेसहा मीटर लांब, प्रत्येक परात बंदुकीच्या गोळीसारखे दोन लाल दिवे. याहून वर चढायला जागाच नव्हती. अर्ल १९५८ च्या अखेरीस निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या बिल मिचेलच्या काळात पर वर्षागणिक खुजे होत गेले आणि १९६५ च्या कॅडिलॅकवर ते उरले नाहीत. पादचाऱ्यांना होणाऱ्या इजांवरून ग्राहकहक्कांसाठी लढणारे अमेरिकी वकील राल्फ नेडर यांनी या परांवर टीकेची झोड उठवली, तीही त्याच वर्षी.

मुंबईत ही फॅशन मुक्कामाला राहिली ती इटलीमार्गे. फियाट ११०० च्या मागच्या कोपऱ्यांवर छोटेसे पर होते. कुर्ल्याच्या कारखान्यात तीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून बनू लागली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या डिकीला दोन्हीकडून चिकटलेल्या त्या बारीक धारा शहराच्या रस्त्यांवर थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत दिसत होत्या.