महाधमनी झडप बदलल्यानंतरचे हृदयतालदोष

महाधमनीची अरुंद किंवा गळकी झडप काढून तिच्या जागी, किंवा ती न काढता तिच्या आतच, कृत्रिम झडप बसवल्यानंतर हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडू शकतो. यांतील सर्वांत गंभीर दोषाचे मूळ शरीररचनेतच आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून (अलिंदांकडून) खालच्या कप्प्यांकडे (निलयांकडे) विद्युत्‌संदेश नेणारा हिस तंतूंचा जुडगा या झडपेच्या दोन पाकळ्यांच्या सांध्याखालून, पातळ पडद्याला लागून जातो आणि त्याची डावी शाखाही तेथेच फुटते. त्यामुळे साठलेले कॅल्शियम खरवडताना, टाके घालताना किंवा नव्या झडपेच्या सांगाड्याच्या दाबाने या तंतूंना इजा होते किंवा सूज येते. परिणामी डाव्या शाखेचा अवरोध किंवा संदेश पूर्णपणे अडवणारा संपूर्ण हृदयरोध निर्माण होतो.

छाती न उघडता कॅथेटरमार्गे, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीतून, झडप बसवण्याची पद्धत २००२ मध्ये फ्रान्समधील रूआं येथे आलँ क्रिबिए यांनी प्रथम माणसावर वापरली. तीत जुनी झडप जागीच राहते आणि नवी तिच्यात दाबून बसते, म्हणून कायमस्वरूपी पेसमेकरची गरज उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा साधारणतः अधिक पडते. झडप खोल बसली, किंवा ती आपोआप उमलणाऱ्या जातीची असली, तर धोका वाढतो. हिस जुडग्याच्या उजव्या शाखेचा अवरोध आधीपासून असेल, तर तो सर्वांत मोठा इशारा मानावा, कारण अशा रुग्णात डावी शाखाच उरलेली वाट असते. आपोआप उमलणारी झडप नंतरही प्रसरण पावत राहते, म्हणून हृदयरोध काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही प्रकट होतो.

अलिंदांचे अनियमित कंपन, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हा वेगळा प्रकार असून तो छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर अधिक आढळतो. दाह, द्रवाचा ताण आणि वाढलेले ॲड्रेनलीन ही त्याची कारणे असून तो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उद्भवतो. अनेकदा तो स्वतःहून थांबतो, मात्र अलिंदात गुठळी बनून पक्षाघात होण्याचा धोका असल्याने बीटा-ब्लॉकर किंवा ॲमिओडॅरोन या ठोके आवरणाऱ्या औषधांसोबत रक्त पातळ करणारी औषधे द्यावी लागू शकतात.

हृदयरोधाच्या भीतीने शस्त्रक्रियेनंतर तात्पुरत्या पेसिंग तारा (बाहेरून विद्युत्स्पंद देऊन ठोके चालवणाऱ्या) ठेवून ईसीजी सतत पाहिला जातो. सूज ओसरल्यावर काहींचे वहन पूर्ववत होते, म्हणून कायमचा पेसमेकर बसवण्याची घाई सहसा केली जात नाही. उजव्या निलयाला दीर्घकाळ पेसिंग केल्यास डाव्या निलयाची शक्ती घटू शकते, हेही त्यामागचे कारण आहे. घरी गेल्यानंतर चक्कर किंवा मूर्च्छा आल्यास तातडीने ईसीजी काढणे आवश्यक असते.